छायाचित्रांची पेठ

बियाण्याच्या पाकिटावर टपोऱ्या दाण्यांचे कणीस असते. बँकेच्या भिंतीवरच्या जाहिरातीत हसतमुख शेतकरी जोडपे असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तक्त्यावर बाळाला लस टोचून घेणारी आई असते. ही चित्रे आपण रोज पाहतो. पण ते कणीस कोणाच्या रानातले, ते जोडपे कोणत्या गावचे आणि तो फोटो काढला कोणी, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. पुष्कळदा असे असते की, पाकीट छापणाऱ्याने त्या कणसासाठी कोणा छायाचित्रकाराला बोलावलेलेच नसते. कोणीतरी, कुठेतरी, आधीच काढून ठेवलेल्या लाखो चित्रांच्या साठ्यातून त्याने ते निवडलेले असते, आणि ते वापरण्याबद्दल काही मोल मोजलेले असते.

या व्यापाराला 'स्टॉक फोटोग्राफी' असे नाव आहे. आपण त्याला साठ्यातल्या छायाचित्रांचा व्यापार म्हणू. आज तो बहुतेक सगळा इंटरनेटवर चालतो. हाती बरासा कॅमेरा असला, किंवा चांगला मोबाइल असला, तरी गावात बसल्या बसल्या आपली चित्रे या पेठेत मांडता येतात. त्यामुळे 'फोटो टाका आणि डॉलर मिळवा' अशी वाक्ये आता खेड्यातल्या पोरांच्याही कानी पडू लागली आहेत. त्यात खरे किती नि फुगवलेले किती, हे समजून घ्यायचे तर या पेठेचा इतिहास पाहिला पाहिजे. या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो: छायाचित्र विकणारा माणूस नेमके काय विकतो? कागद विकतो, की हक्क विकतो?

श्रोतेहो, छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ साली. पॅरिसमध्ये लुई दागेर यांची पद्धत फ्रेंच सरकारने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वांसाठी खुली केली. पण दागेर यांचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे, आणि ते एकच असे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. म्हणजे ते सोनाराच्या हातच्या दागिन्यासारखे झाले. विकले की गेले. त्याच सुमारास इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी दुसरी वाट काढली. १८४१ साली त्यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यांच्या पद्धतीत आधी उलटे चित्र, म्हणजे निगेटिव्ह तयार होई, आणि त्या एका निगेटिव्हवरून पाहिजे तितक्या प्रती काढता येत. पुढे १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर निगेटिव्ह करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि प्रती अधिक स्वच्छ निघू लागल्या.

या ठिकाणी व्यापाराचे बीज पडले. निगेटिव्हची काच ही बियाण्यासारखी झाली. धान्य विकावे आणि बियाणे घरात राखावे, तसे प्रती विकाव्यात आणि काच आपल्याजवळ ठेवावी. ज्याच्या घरी काच, त्याच्या घरी पुढच्या वर्षीचे पीक.

ही कला मुंबईत यायला वेळ लागला नाही. १८५४ साली तेथे 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था निघाली. थोड्याच दिवसांत एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नाणावलेले छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण हे याच वर्गात शिकले आणि पुढे त्यांनी मुंबईत आपला स्टुडिओ चालवला. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी १८५६ ते १८५८ या काळात एक चित्रमासिक काढले. त्यात छापील चित्रे नसत. निगेटिव्हवरून काढलेल्या खऱ्या प्रती चिकटवलेल्या असत. इथले घाट, देवळे, नाना जातिजमातींचे लोक हे त्यांचे विषय. आपल्या मुलुखाची चित्रे अनोळखी गिऱ्हाइकाला विकण्याचा उद्योग मुंबईत असा दीडशे वर्षांपेक्षाही जुना आहे.

परंतु साठ्याचे खरे सामर्थ्य दिसले ते सॅम्युएल बोर्न या इंग्रज गृहस्थाच्या उद्योगात. बोर्न १८६३ साली हिंदुस्थानात आले. कावडी, खेचरे, काचांच्या पेट्या आणि रसायनांच्या बाटल्या घेऊन त्यांनी हिमालयात मोठमोठ्या सफरी केल्या. प्रत्येक काचेला क्रमांक दिला, आणि त्या क्रमांकांची यादी छापली. गिऱ्हाइकाने यादी पाहावी, क्रमांक सांगावा, प्रत घेऊन जावी. सिमला आणि कलकत्ता येथे 'बोर्न अँड शेफर्ड' ही पेढी भरभराटीला आली. बोर्न १८७० च्या सुमारास मायदेशी परतले; पण सुमारे २,२०० काचा पेढीकडेच राहिल्या. त्यांवरून प्रती निघत राहिल्या, विकल्या जात राहिल्या. काढणारा माणूस गेला, त्याचे राज्य गेले, तरी काचा कमाई करीतच होत्या. १९९१ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याच्या दुकानाला आग लागली आणि तो ठेवा नष्ट झाला. ती पेढीही २०१६ साली बंद झाली. एकदा केलेल्या श्रमाने सव्वाशे वर्षे उत्पन्न द्यावे, ही या धंद्याची मोहिनी. पण ते उत्पन्न काचेच्या धन्याला मिळत होते, हेही ध्यानी ठेवावे.

याच्याशी जुळणारे एक उदाहरण आपल्या देव्हाऱ्याजवळचे आहे. ती छायाचित्रे नव्हेत, शिळाछापावरची रंगीत चित्रे. पण न्याय तोच. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. लक्ष्मी, सरस्वती यांच्या तसबिरी तेथूनच घरोघर गेल्या. १९०१ साली तो छापखाना तिथल्याच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. १९०६ साली रविवर्मा निवर्तले, तरी चित्रे छापली जातच राहिली. पिढ्यान्‌पिढ्या आपण हात जोडले ते रविवर्म्यांच्या लक्ष्मीला; पैसे मात्र छापखान्याच्या मालकाच्या पदरात पडले.

आता कायद्याकडे वळू. काच चोरल्याशिवायही चित्राची चोरी करता येते. बाजारातून एक प्रत विकत आणावी, तिच्यावरून शिळाछापाने हजारो प्रती काढाव्यात, झालं! अशा वेळी मूळ छायाचित्रकाराने काय करावे? इंग्लंडने १८६२ साली आणि अमेरिकेने १८६५ साली छायाचित्रांना कायद्याचे संरक्षण दिले होते. तरीही एक शंका उरलीच होती. चित्रकार हाताने चित्र काढतो, म्हणून ते त्याचे. फोटो तर यंत्र काढते. मग तो माणसाचा कसा?

न्यूयॉर्कमध्ये नेपोलियन सॅरोनी नावाचे मोठे छायाचित्रकार होते. १८८२ साली ऑस्कर वाइल्ड हे आयरिश साहित्यिक अमेरिकेच्या दौऱ्यावर आले, तेव्हा सॅरोनी यांनी त्यांचे फोटो काढले. त्यांतल्या एका फोटोच्या ८५,००० प्रती एका शिळाछाप कंपनीने परवानगीवाचून छापल्या. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनीचे म्हणणे असे की, समोर जे होते ते यंत्राने टिपले. यात सॅरोनींची करामत ती कोणती? १८८४ साली न्यायालयाने निकाल दिला तो सॅरोनी यांच्या बाजूने. वाइल्ड यांना कसे बसवायचे, कोणता पोशाख, मागे कोणता पडदा, उजेड कुठून नि सावली कुठे, हे सारे सॅरोनी यांच्या मनातून आलेले. म्हणून त्या चित्राचे कर्ते तेच. त्यांना ६१० डॉलर मिळाले. रक्कम मोठी नव्हे. पण प्रत एकाच्या हाती आणि हक्क दुसऱ्याच्या हाती असू शकतो, ही गोष्ट त्या निकालाने पक्की केली. पुढचा सगळा व्यापार या पायावर उभा आहे.

हे आपल्या भाषेत सांगायचं तर असं. बैल विकला की तो दावणीतून गेला. पण बैल औताला भाड्याने दिला, तर संध्याकाळी तो घरी येतो आणि उद्या दुसऱ्याच्या शेतात जाऊ शकतो. छायाचित्राचा हक्क आपल्याजवळ ठेवून ते वापरायला देणे म्हणजे बैल भाड्याने देणे. आणि हा बैल असा की, एकाच दिवशी दहा शेतांत राबला तरी थकत नाही.

विसाव्या शतकात वर्तमानपत्रे आणि मासिके चित्रांनी भरू लागली, तसे हे भाडे गोळा करणारे मध्यस्थ निर्माण झाले. १९२० साली एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांनी फिलाडेल्फियात अशी एक चित्रसंस्था काढली. पण सर्वांत नवलाची कहाणी ऑटो बेटमान यांची. हे गृहस्थ बर्लिनच्या सरकारी कलाग्रंथालयात ग्रंथपाल होते. नाझींच्या राजवटीत ज्यू म्हणून त्यांची नोकरी गेली. १९३५ साली ते दोन ट्रंका घेऊन न्यूयॉर्कला उतरले. ट्रंकांत पैसाअडका नव्हता, होती ती चित्रे. पुढच्याच वर्षी त्यांनी आपला चित्रसंग्रह वापरायला देण्याचा व्यवसाय मांडला. चित्रे जमवणे ही अर्धीच विद्या. मागेल तेव्हा मागेल ते चित्र घटकेत सापडले पाहिजे, ही उरलेली अर्धी. ग्रंथपालाच्या शिस्तीने त्यांनी प्रत्येक चित्राची विषयवार नोंद केली. संग्रह वाढत वाढत पुढे कोटीच्या पलीकडे गेला. १९९५ साली तो बिल गेट्स यांच्या कॉर्बिस या कंपनीने विकत घेतला, आणि मूळ चित्रे टिकून राहावीत म्हणून पुढे पेन्सिल्वेनियातल्या एका चुनखडीच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली थंडगार जागेत हलवली. आपल्याकडे धान्य पेवात ठेवीत, तशीच ही चित्रांची पेवे.

मध्यस्थ आला म्हणजे अडत आली. माल पिकवणाऱ्याच्या हाती किती आणि अडत्याच्या हाती किती, हा प्रश्न आला. १९४७ साली रॉबर्ट कापा, ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर आणि डेव्हिड सीमूर या चौघा नामवंत छायाचित्रकारांनी त्याला सहकाराने उत्तर दिले. त्यांनी 'मॅग्नम' ही संस्था काढली. ती छायाचित्रकारांच्याच मालकीची. मासिकाने चित्र छापावे, पैसे द्यावेत. पण हक्क मात्र काढणाऱ्याचाच राहील, हा तिचा नियम. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या महाराष्ट्राला यातले मर्म वेगळे समजावून सांगायला नको. कार्तिए-ब्रेसाँ त्याच सुमारास भारतात आले होते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, त्याच्या थोडेच आधी ते त्यांना भेटले होते. महात्माजींच्या अंत्ययात्रेची त्यांची छायाचित्रे जगभर गेली. ती आजही मॅग्नमच्या संग्रहात आहेत.

या काळात भाडे आकारण्याची रीत चोख होती. चित्र कुठे वापरणार, किती प्रती छापणार, किती दिवस, कोणत्या देशात, पानभर की कोपऱ्यात, हे सर्व विचारून दर ठरे. चांगल्या चित्राला एकेका वापराचे शेकडो डॉलरही येत. आपल्याकडे १९८७ साली जगदीश अगरवाल यांनी मुंबईत 'दिनोदिया' हा चित्रसंग्रह सुरू केला आणि भारतीय सण, शेती, माणसे, देवळे यांची चित्रे देशी-परदेशी प्रकाशकांना पुरवली.

मग १९९१ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरात फोटोडिस्क ही कंपनी निघाली. तिने एकेका चकतीवर पुष्कळ चित्रे भरली आणि सांगितले: चकती एकदा विकत घ्या, मग यातली चित्रे कितीही वेळा वापरा, पुन्हा विचारायला यायला नको. यालाच 'रॉयल्टी फ्री' म्हणतात. नाव फसवे आहे. चित्र फुकट नसते. फक्त दर वापराचे वेगळे भाडे नसते. गिऱ्हाइकाला हे फार सोयीचे पडले. बैलाचे दिवसागणिक भाडे बंद होऊन एकदाच ठोक रक्कम, असा सौदा रूढ झाला. १९९५ साली स्थापन झालेल्या गेटी इमेजेस या कंपनीने पुढे फोटोडिस्कसह अनेक संग्रह आपल्या पोटात घेतले. आणि जुन्या रीतीचा, वापर मोजून दर ठरवण्याचा जाहिरातीच्या चित्रांपुरता भाग आपण बंद करीत आहोत, असे तिने २०१९ साली जाहीर केले.

इंटरनेटने तर पेठेच्या भिंतीच पाडल्या. २००० साली कॅनडातल्या कॅलगरी शहरात ब्रूस लिव्हिंगस्टन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केले. आरंभी तेथे चित्रांची देवाणघेवाण फुकट होती. मग अल्प किमतीत विक्री सुरू झाली. २००३ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन ओरिंजर यांनी स्वतः काढलेल्या सुमारे ३०,००० चित्रांवर शटरस्टॉक ही कंपनी उभी केली आणि महिन्याच्या वर्गणीत चित्रे देऊ लागले. २००६ साली गेटीने आयस्टॉकफोटो पाच कोटी डॉलरना घेतले. भारतातही त्याच वर्षी संदीप माहेश्वरी यांनी भारतीय चेहऱ्यांच्या चित्रांचे 'इमेजेसबझार' काढले. आता धंदेवाईक छायाचित्रकारच पाहिजे असे राहिले नाही. शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त कारकून, कोणीही चित्र पाठवावे. तपासनीसाने पसंत केले की ते जगाच्या बाजारात मांडले गेले.

ही दारे उघडली हे चांगलेच झाले. पण आवक वाढली की भाव काय होतो, हे कांदा पिकवणाऱ्याला सांगायला नको. २००६ सालीच अमेरिकेतल्या 'वायर्ड' मासिकाने एक उदाहरण दिले होते. एका आरोग्यविषयक संग्रहालयाला आजारी माणसांची छायाचित्रे हवी होती. धंदेवाईक छायाचित्रकाराने सवलत देऊन एकेका चित्राचे शंभर ते दीडशे डॉलर सांगितले. सौदा जवळजवळ ठरला होता. तेवढ्यात संग्रहालयाच्या बाईंना आयस्टॉकफोटोवर तशीच चित्रे सापडली, एकेक सुमारे एका डॉलरला! सौदा मोडला. त्या छायाचित्रकाराचे चित्र वाईट नव्हते, आणि स्वस्तात देणाऱ्यांनी काही पाप केले नव्हते. पेठच बदलली होती.

पुढे भाव आणखी उतरला. शटरस्टॉकने जून २०२० पासून छायाचित्रकारांच्या मोबदल्याची नवी पद्धत लावली. वर्षभरात जितकी चित्रे खपतील त्याप्रमाणे वाटा १५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत चढत जातो. पण १ जानेवारी उजाडली की पुन्हा सर्वजण पहिल्या पायरीवर. आणि एका चित्राला कमीत कमी मोबदला दहा सेंट! दहा सेंट म्हणजे आपले आठ-नऊ रुपये. या दराने हजार रुपये हाती यायचे, तर चित्रे शंभराहून अधिक वेळा विकली गेली पाहिजेत. आणि ती विकली जायची कशात? कोट्यवधी चित्रांच्या ढिगात. वरकमाई म्हणून हे ठीक. यावर संसार उभा करायचा असेल, तर वर्षानुवर्षे, हजारो चित्रे, नेमाने पाठवीत राहावे लागते. तशी मेहनत करणारे लोक आहेत. पण ती शेतीइतकीच चिकाटीची गोष्ट आहे, लॉटरी नव्हे.

एखादे चित्र मात्र असे निघते की त्याचे भाग्यच उजळते. तुमच्या शाळेत संगणक नवा आला, तेव्हा त्याच्या पडद्यावर हिरवीगार टेकडी नि वर निळे आकाश दिसत असे, आठवते ना? ते चित्र चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात, द्राक्षांच्या मुलुखातून मोटारीने जाताना रस्त्याच्या कडेला थांबून काढले. एरवी त्या टेकडीवर द्राक्षांचे मांडव असायचे. मुळांना लागणाऱ्या फायलोक्सेरा किडीने बाग गेली, वेली उपटल्या, आणि रिकाम्या रानात गवत माजले. म्हणून टेकडी तशी हिरवीगार दिसली. ते चित्र त्यांनी एका चित्रसंस्थेत ठेवले. ती संस्था कॉर्बिसने घेतली. २००० साली मायक्रोसॉफ्टने त्या चित्राचे सर्व हक्क मोठ्या रकमेला विकत घेतले. ते २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर जगातल्या कोट्यवधी पडद्यांवर गेले. किती रक्कम मिळाली हे करारानुसार गुप्त आहे. ओरिअर यांनी बैल विकला, पण किंमत ठरवून, जाणून-समजून विकला.

आता आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. फोटो काढणारा तो त्या चित्राचा कर्ता, हा सर्वसाधारण नियम. परंतु मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा होतो. म्हणजे लग्नात ठरवून बोलावलेल्या फोटोग्राफरने नवरीचे चित्र परस्पर या पेठेत मांडता कामा नये. पूर्वी आपल्याकडे छायाचित्रांवरचा हक्क प्रसिद्धीपासून ठराविक वर्षे मोजला जाई. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रकाराला लेखक-कवींच्या पंगतीत बसवले. आता हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. नातवाच्याही उपयोगी पडेल अशी ही मालमत्ता आहे, ती शंभर रुपयांच्या घाईत देऊन टाकण्याजोगी नव्हे.

दुसरी गोष्ट चित्रातल्या माणसाची. जाहिरातीसाठी वापरायच्या चित्रात कोणाचा चेहरा ओळखू येत असेल, तर त्या माणसाचे सही केलेले संमतीपत्र या चित्रसंस्था मागतात. लहान मुलाचे असेल तर आई-वडिलांची किंवा पालकांची सही लागते. शिक्षक बंधुभगिनींनी हे विशेष ध्यानी घ्यावे. वर्गातली मुले फार गोड दिसतात, हे खरे. पण आपल्या विद्यार्थ्याचा चेहरा उद्या कुठल्या औषधाच्या जाहिरातीत दिसेल, हे सांगता येत नाही. बांधावरची म्हातारी, बाजारातली मोळीवाली, यांना चार शब्दांत नीट समजावून सांगावे, वाचता येत नसेल तर कागद वाचून दाखवावा, आणि मगच सही घ्यावी. चेहरा तिचा, पैसे आपले, आणि तिला खबरही नाही, हा व्यवहार सरळ म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट नावाची. बेटमान यांचे सामर्थ्य नोंदीत होते, आणि आजही गिऱ्हाईक शब्द टाकूनच चित्र शोधते. येथे खेड्यातल्या माणसाचे पारडे जड आहे. शहरातला माणूस 'शेतकरी आणि बैल' एवढेच लिहील. पण चित्रात पाभर आहे की कोळपे, पीक ज्वारीचे की बाजरीचे, हंगाम खरिपाचा की रब्बीचा, हे गावातलाच माणूस जाणतो. मावळतीला जाणाऱ्या सूर्याची चित्रे साठ्यात उतू चालली आहेत. हुरड्याची आगटी, खळ्यावरची मळणी, चाकावर मडके घडवणारा कुंभार, अशी चित्रे अचूक नावानिशी असली, तर पाठ्यपुस्तकाच्या संपादकाला ती हवीशी वाटतील.

शेवटी नव्या संकटाविषयी दोन शब्द. आता सांगितल्याबरोबर चित्र तयार करणारी यंत्रे निघाली आहेत. ती शिकली आहेत कोट्यवधी छायाचित्रांवरून. गेटीने २०२३ साली अशा एका कंपनीवर, स्टॅबिलिटी एआयवर, दावे लावले. लंडनच्या न्यायालयाने २०२५ च्या नोव्हेंबरात निकाल दिला, तेव्हा गेटीच्या पदरात फारसे काही पडले नाही. दुसरीकडे शटरस्टॉकने आपला साठा यंत्रांना शिकवण्यासाठी पैसे घेऊन दिला आणि छायाचित्रकारांसाठी त्यातून एक निधी काढला. अडोबीनेही २०२३ साली आपल्या साठ्यावर असे यंत्र शिकवले आणि छायाचित्रकारांना त्याबद्दल काही रक्कम दिली. पण चित्रे पाठवताना किती जणांना कल्पना होती की आपला बैल नांगराला नव्हे, तर आपलीच जागा घेणाऱ्या यंत्राला जुंपला जाणार आहे? करारात तशी मुभा होती, आणि करार वाचलेला नव्हता.

यंत्राने केलेले चित्र कोणाचे, हा सॅरोनी यांच्या खटल्यातला प्रश्नही परत आला आहे. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, ज्याचा कर्ता माणूस नाही अशा चित्राला कॉपीराइट नाही. १८८४ साली यंत्राच्या मागे माणूस आहे म्हणून हक्क मिळाला. २०२५ साली माणूस नाही म्हणून नाकारला गेला. तेव्हा ज्या चित्रामागे एखाद्याने उन्हात उभे राहून घालवलेली दुपार आहे, त्याला कायद्याच्या दृष्टीने अजून मोल आहे.

म्हणून ज्या तरुणांना या पेठेत उतरायचे असेल त्यांनी जरूर उतरावे. मूळ चित्र आपल्याजवळ जपून ठेवावे. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: चित्र भाड्याने देतो आहे की विकतो आहे? एकाच संस्थेला देण्याची अट आहे की दुसरीकडेही देता येईल? आणि ते आणखी कोणकोणत्या कामाला वापरले जाईल? करार इंग्रजीत असतो आणि लांबलचक असतो. गावातल्या पोराला तो उमजत नसेल, तर शाळेतल्या गुरुजींनी किंवा बाईंनी एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढावी आणि त्याच्याशेजारी बसून तो ओळीने वाचून द्यावा. सात-बाराच्या उताऱ्यावर नाव बरोबर लागले आहे ना, हे जितक्या काळजीने आपण पाहतो, तितक्याच काळजीने तो कागद पाहावा.